धाकटीच्या गळ्यातला हार

मित्रांनो, मी एक जुनी विलायती बस आहे. ‘जुनी’ हा शब्द दुसऱ्या कुणी उच्चारला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, म्हणून तो मीच आधी सांगून टाकते.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. तिकडे लांबच्या सहलींना जाणारी मंडळी बहुतेक पिकल्या केसांची. म्हणून माझी रचना करणाऱ्यांनी आधी त्यांच्या गुडघ्यांचा विचार केला. थांबल्यावर माझ्या पुढच्या चाकांवरच्या उशीतली हवा थोडी सुटते आणि मी नमस्काराला वाकल्यासारखी पायरी खाली आणते. चाकाची खुर्ची चढवायला दारातच एक पाळणा आहे. तिकडे ऊन मोजकं, म्हणून माझ्या खिडक्या मोठाल्या. थंडी फार, म्हणून पायांशी गरम हवेच्या नळ्या. मला ओमानला धाडायचं ठरलं तेव्हा स्टिअरिंग डावीकडे गेलं, दार उजवीकडे आलं आणि डोक्यावर भला मोठा एसी चढला. गरम हवेच्या नळ्या मात्र तशाच राहिल्या. मस्कतच्या उन्हात त्यांचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा.

मस्कतमधल्या अझैब्याच्या यार्डात मी जनार्दनच्या हाती पडले. जनार्दन देवगडकडचा. फिरायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन आम्ही सूर बंदराला जायचो. लाकडी गलबतं कशी बांधतात ते बघायला सगळे उतरले की तो स्वतःच्या रुमालाने माझे लांब आरसे पुसायचा आणि घरच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या बायकोचं, म्हणजे मैनाचं, गुडघ्याचं दुखणं मला तोंडपाठ आहे. पाहुणे म्हणायचे, गाडी किती मऊ चालते. कौतुक माझं व्हायचं आणि लाजायचा तो.

मग २०१६ साली ती आली. त्याच कारखान्यातली, म्हणजे नात्याने धाकटी बहीण. पण माझ्या लेखी सवतच. खुर्चीखुर्चीला फोन चार्ज करायची सोय. दार उघडताना आवाजसुद्धा नाही. आणि बंपरच्या मधोमध रडारचा एक डोळा! पुढे काही आडवं आलं की बाईसाहेब स्वतःच ब्रेक लावणार. मग ड्रायव्हर कशाला हवा, असं मी मनात म्हटलं.

मालकाने, म्हणजे आमच्या अर्बाबने, सांगितलं की जनार्दनने दोन्हींतली एक निवडावी. दुसरी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची ने-आण करायला जाईल. मी निश्चिंत होते. एवढ्या वर्षांनंतर यात विचारायचं ते काय?

तेवढ्यात दसरा आला. दरवर्षी झेंडूचा हार माझा असायचा. त्या वर्षी बाजारात फुलं कमी आली आणि एकच हार झाला. तो त्याने धाकटीला घातला, दोन्ही आरशांपासून थेट बंपरपर्यंत झुलणारा. लिंबंही तिच्याच चाकांखाली. माझ्या वाट्याला काचेवर कुंकवाचं एक बोट. आवडतीला हार आणि नावडतीला बोट! मी रात्रभर धुमसत होते.

हार आपोआप सुकून गळेपर्यंत काढायचा नाही, ही जनार्दनच्या घरची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी सुरू केली तर स्टिअरिंगसमोर लाल दिवा आणि अखंड टीं टीं. जाडजूड हार नेमका तिच्या त्या डोळ्यावर लोंबत होता. मला ते समोरून स्वच्छ दिसत होतं. सांगता आलं असतं तरी मी सांगितलं नसतं!

लाल दिवा लागलेल्या गाडीतून पाहुणे न्यायचे नाहीत, असं म्हणत जनार्दन खाली उतरला आणि माझ्याकडे आला. काय सांगू मित्रांनो, सूरपर्यंत मी अशी चालले की कुणाच्या पेल्यातला चहा हलला नाही. सूरला जनार्दनने आरसे पुसले, पण घरचं काही बोलला नाही. “बिचारीला काय झालं असेल?” एवढंच पुटपुटला. मी इतकी वाकले, इतकी मऊ चालले, आणि याच्या मनात ती!

संध्याकाळी यार्डात परतलो तर सुपरवायझर झेवियर धाकटीपाशी उभा होता. झेवियर वसईचा, जनार्दनचा जुना दोस्त. हार त्याच्या हातात होता आणि लाल दिवा विझला होता.

“काय रे जनार्दन, पूजा केलीस की डोळे बांधलेस हिचे?” तो म्हणाला. “चल, आता फायनल सांग. अर्बाब थांबलाय. कुठली ठेवतोस?”

जनार्दनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी श्वास रोखून धरला.

“नवीच ठेवतो,” तो म्हणाला. “ही नाजूक आहे, दुसऱ्याच्या हातात बिघडेल. जुनी शहाणी आहे रे. ती कुणाकडेही नांदेल.”

झालं. मी शहाणी, म्हणून मला सोहारला धाडलं. रुसून बसले असते, टीं टीं केलं असतं, तर कदाचित राहिले असते.

आता मी पहाटे कामगारांना कारखान्यावर सोडते आणि संध्याकाळी आणते. दमलेली माणसं माझ्या खिडक्यांना डोकी टेकून झोपतात. माझा नवा ड्रायव्हर जहूर भला माणूस आहे. पण माझी तक्रार नसते, म्हणून तोही माझ्याकडे बघत नाही. महामार्गावर कधी धाकटी समोरून येते, चकचकीत पुसलेली. अजून पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, कुरकुरणाऱ्याकडे सगळे धावतात. जो मुकाट्याने काम करतो त्याला काही लागत नाही, असं समजू नका. मग ती बस असो, सायकल असो, नाहीतर तुमच्या घरातलं माणूस असो.

परवा वसाहतीच्या फाटकापाशी मी ब्रेक लागताना मुद्दाम कुईं केलं. जहूर लगेच खाली उतरला. चाकाशी वाकला, हात फिरवला, “क्या हुआ, अम्मा?” असं विचारलं.

काही झालं नव्हतं. पण तुम्ही, काही झालेलं नसलं तरी, अधूनमधून खाली उतरून विचारत जा.