मान न धरणारी बाहुली

मी बाहुली बोलतेय. पण गुलाबी गालांची, फ्रॉक घालून कपाटाच्या काचेआड बसलेली एखादी डोळ्यांसमोर आणली असेल, तर आधी ती बाजूला ठेवा. मला कुणी खेळायला घेत नाही. मी जाड कापडाची आहे, पोटात वाळू आहे, वजन नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढं. माझं काम मोठ्या माणसांना शिकवण्याचं. ती किती शिकतात, हे सांगायला बसले तर तुम्हाला राग येईल, पण आज सांगणारच आहे.

एका प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. जमिनीवर चटया, एका भिंतीला मोठा आरसा, कोपऱ्यात टेबल. होऊ घातलेले आईबाप तिथं शिकायला येतात. बाळाला अंघोळ कशी घालायची, लंगोट कसा बांधायचा, दुपट्यात कसं गुंडाळायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे लांब कापडाने बाळाला छातीशी कसं बांधायचं, की बाळ अंगाशी राहील आणि आपले हात मोकळे राहतील. हे शिकवणाऱ्या बाई पूर्वी खालीच परिचारिका होत्या. माझ्याआधी त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या बाहुल्या होत्या. वजनाला इतक्या हलक्या, की शिकाऊ बाप त्यांना काखेत मारून गप्पा छाटायचे. बाई वैतागल्या आणि शिंप्याकडे गेल्या.

"बाहुलीत वाळू भरा म्हणणारं गिऱ्हाईक आजच बघतोय," शिंपी म्हणाला.

"वाळू भराच, आणि मान ढिली ठेवा. अगदी लुळी. हात काढला की पडली पाहिजे."

"अहो, मग लोक म्हणतील शिंप्याला शिवता येत नाही."

"म्हणू देत की. बाळाची मान तशीच असते."

शिंप्याने नाक मुरडत का होईना, सांगितलं तसं शिवलं. माणसांनी माझ्या बाबतीत केलेलं पहिलं आणि बराच काळ शेवटचं शहाणपणाचं काम तेच. माझं डोकं पुढे सोडलं तर पुढे पडायचं, मागे सोडलं तर मागे. बाईंनी मला हातात घेऊन पाहिलं, खूश झाल्या आणि माझं नाव ढब्बू ठेवलं. नावाबद्दल मला कुणी विचारलं नाही, पण ते असो.

मग वर्ग सुरू झाले आणि मला माणूस कळायला लागला.

पहिली गोष्ट म्हणजे बाळ यायच्या आधीच सगळ्यांना सगळं येत असतं. कापडाचं एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं बायकोच्या, आणि मधे मी, उलटी. "तू ओढू नकोस", "तूच ओढतोयस", असं चाललेलं असतं, आणि माझे पाय कुठे आहेत याचा दोघांनाही पत्ता नसतो. एकीने मला बांधायच्या आधी आरशासमोर कापडाचा रंग आपल्याला शोभतो का ते पाहिलं. शोभत नव्हता. मग तिने दुसरं कापड मागितलं. एका आजीबाईंनी तर मला हातच लावला नाही. "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" म्हणाल्या आणि पूर्ण वेळ इतरांच्या चुका काढत बसल्या. आणि फोटो! मला छातीशी बांधून, मान तिरकी करून, डोळ्यांत माया आणून फोटो काढायचे, आणि फोटो झाला की मला चटईवर आपटायचं. ही सारी माया फोटोपुरती, हे माझ्या पाठीला चांगलं ठाऊक आहे.

सगळ्यांची एक तक्रार मात्र सारखी होती. "बाई, हिचं डोकं सारखं पडतं हो." पडणारच! त्यासाठीच तर मला बनवलंय. पण माणसाला आपली चूक दाखवणारी वस्तू नेहमी बिघडलेलीच वाटते.

एकदा एका उत्साही भावी बापाने मला डोक्याला धरून उचललं. "एवढी जड?" म्हणत त्याने मला वर-खाली झुलवून पाहिलं. मानेची शिवण टरकन उसवली आणि माझी वाळू चटईभर झाली. पुढच्या वर्गाची मंडळी दारात उभी होती. बाईंनी घाईघाईने वाळू भरली, मान टिकावी म्हणून आत जाड पट्ट्याचा तुकडा दुमडून घातला आणि दोऱ्याचे आडवेतिडवे टाके घालून मला ताठ करून टाकलं.

"सध्यापुरतं आहे, ढब्बू," त्या म्हणाल्या.

सध्यापुरतं! माणसाने एकदा हा शब्द उच्चारला की ती गोष्ट कायमची झाली म्हणून समजा.

त्यानंतर वर्गात आनंदीआनंद झाला. कुणीही कसंही बांधा, ढिलं बांधा, खाली लोंबकळत बांधा, माझं डोकं आपलं सरळ. बाई तोंडाने सांगायच्या, "हनुवटी छातीला टेकता कामा नये. टेकली तर बाळाचा श्वास अडतो. हनुवटीखाली दोन बोटं मावतात का, बघत जा." मंडळी बोटं घालायची, बोटं मावायची, मंडळी खूश. मावतील नाही तर काय करतील? माझी हनुवटी पडायला तयारच नव्हती. शाबासक्या दिल्या-घेतल्या जात होत्या आणि मी आतून जळत होते. बाईंना तरी आठवावं? त्या पट्टा विसरून गेल्या होत्या. सगळे पास होत असताना कोण कशाला शंका काढतो?

अशात एक घड्याळजी आला. छोटंसं दुरुस्तीचं दुकान चालवणारा, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको कारखान्यात कामाला. बाळ झाल्यावर थोड्याच महिन्यांत तिला कामावर परतायचं होतं, आणि दिवसभर बाळाला बापानेच सांभाळायचं, दुकानात, छातीशी बांधून, असं दोघांनी ठरवलं होतं. घड्याळजीची मोठी बहीण हे ऐकून पेटली होती आणि लक्ष ठेवायला म्हणून वर्गाला बरोबर आली होती.

"अरे, घड्याळ नाही ते, बिघडलं तर उघडून बघायला," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "पुरुषाच्या हातात तान्हं बाळ! पाडशील एखाद्या दिवशी."

"नाही पाडणार, ताई."

एवढंच बोलून तो मला बांधत राहिला, सोडत राहिला, पुन्हा बांधत राहिला. कापडाला एक सुरकुती पडू देत नव्हता. हे मी सहसा म्हणत नाही, पण त्याच्या हातात मला बरं वाटायचं. बाईंनी त्याला सगळ्यांपुढे उभं करून सांगितलं, "असं बांधायचं." आणि मी ताठ मानेने त्याच्या छातीशी उभी. त्या घरात येणाऱ्या बाळाच्या विचाराने मला धडकी भरली. बाळ कसं बांधायचं ते हा शिकलाच नव्हता. मला कसं बांधायचं ते शिकला होता.

बाळ थोडं आधीच झालं, लहानखुरं. काही आठवड्यांनी बाईंनी सगळ्यांना आपापली बाळं घेऊन बोलावलं. मी टेबलावर भिंतीला टेकून बसले होते. घड्याळजी, त्याची बायको आणि ती बहीण आली. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर, कारण वर्गातला हुशार तोच. त्याने बाळ बांधलं, अगदी मला बांधायचा तसं. बाळ लगेच झोपलं आणि कापडात हळूहळू खाली घसरलं. त्याची मान वाकली, हनुवटी छातीत रुतली.

आणि त्या खोलीतल्या शहाण्यांनी काय केलं? कौतुक!

"किती शांत झोपलंय!"

"बापाच्या अंगावर बघा कसं गुणी आहे."

बहीणसुद्धा विरघळली. "नाही हो, जमलं याला," असं शेजारणीला म्हणाली. बाई पलीकडे कुणाची तरी गाठ सोडवत होत्या. मी ओरडत होते, पण वाळूला कंठ नसतो. बाळ गप्प असलं की सगळं ठीक, हा माणसांचा लाडका समज. गप्प बाळाकडे कोण बघतो?

घड्याळजीने मात्र मान खाली केली आणि कान बाळाच्या डोक्याजवळ नेला. दिवसभर घड्याळं कानाला लावून बसणाऱ्याची सवय ती. क्षणभर तो तसाच थांबला.

"आवाज बरोबर नाही," तो म्हणाला.

"झोपेत घोरतात हो बाळं," कुणीतरी म्हणालं.

"नाही. हा अडतोय."

त्याने एका हाताने बाळाची हनुवटी वर उचलली. बायकोने मागून गाठ सोडली आणि कापड ओढून काढलं. बाळ मोकळं झालं, त्याने एक लांब श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी बघायला आलं. त्या रडण्याइतकं सुरेल काही मी त्या खोलीत ऐकलेलं नाही.

घड्याळजीने कापड नीट घडी करून टेबलावर ठेवलं. "मी नाही बांधणार याला," तो म्हणाला. "ताईचं खरं होतं."

त्याच्या बायकोचा चेहरा पडला. मी बहिणीकडे बघत होते. आता ही 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणणार, याची मला खात्री होती. उभ्या आयुष्यात माणसांनी मला असल्या बाबतीत कधी निराश केलेलं नाही.

"मलाही कळलं नाही रे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी तर गुणी बाळ म्हणत उभी होते. ऐकलंस तूच."

मी चुकले. क्वचित होतं असं.

मग त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने मला उचललं, पुढे वाकवलं, मागे वाकवलं, मानेवर अंगठा दाबला. "बाई, हिची मान का पडत नाही? आत काय आहे?"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "पट्टा आहे," त्या म्हणाल्या. "मीच घातलाय." त्यांनी कात्री आणली, टाके कापले, पट्टा उपसून फेकून दिला आणि मान पुन्हा शिवली, शिंप्याने शिवली होती तशी. हात काढताच माझं डोकं धपकन छातीवर आपटलं. मला काय वाटलं ते कसं सांगू! खूप आनंद झाला, एवढंच.

"आता हिला बांधा," बाई म्हणाल्या. आवाज खाली गेला होता.

घड्याळजीने वर्गातल्या दुसऱ्या कापडाने बांधलं, माझी मान पडली. सोडलं, बांधलं, पुन्हा पडली. मग त्याने मला वर घेतलं, इतकं वर की सहज माझ्या टाळूची पापी घेता यावी. कापड पाठीशी घट्ट केलं, तेव्हा कुठे माझी पाठ सरळ राहिली आणि हनुवटी सुटी झाली. त्याने बोटं घालून पाहिली आणि मला सोडून टेबलावर ठेवलं. मग बायकोने बाळ पुढे केलं. त्याने बाळाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. बहिणीने घडी केलेलं कापड स्वतः उलगडून त्याच्या हातात दिलं.

त्याने बांधलं. हनुवटीखाली बोटं घातली, कान लावला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "चालू आहे."

तेव्हापासून माझी बदनामी पुन्हा सुरू झाली आहे. परवाच एक नवा बाप मला बोटाने ढोसून म्हणाला, "बाई, ही बाहुली मोडलीय."

"मोडली होती," बाई म्हणाल्या. "आता बरी आहे."

घड्याळजी अधूनमधून येतो. त्याचं बाळ आता माझ्याहून जड झालंय, बापाच्या अंगावरून मान वळवून सगळीकडे टकामका बघतं आणि माझं नाक ओढतं. फोटो काढणारे आणि आधीच सगळं येणारे अजून येतात. त्यांच्याकडून मला फारशा आशा नाहीत, तुमच्याकडूनही नाहीत. तरी एक मागते. बाळ गप्प झालं की कौतुक नंतर करा, आधी हनुवटी बघा.

त्या पोराने मान धरली. मी कधीच धरणार नाही. कुणी मला पुन्हा ताठ करायला आलं, तर त्याच्या हातातली सुई काढून घ्या.