नावाड्याचं मीठ

ते एकोणीसशे एकसष्ट साल. त्या वर्षी बटाटा जमिनीतच काळा पडला, आणि तो उकरून फेकायचं काम चालू असतानाच लिंबूची आई गेली. ताप तिनं अंगावर काढला. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लिंबूच्या आत्याचं शहरात शिवणकामाचं दुकान होतं. भावाचा निरोप आला तशी तिनं मशीनवर चादर टाकली, दाराला कुलूप लावलं आणि शेतावर आली. वहिनी तेव्हा अजून बोलत होती. "वन्सं, दोघांची ताटातूट होऊ देऊ नका," एवढंच म्हणाली. आत्यानं तिच्या हातावर हात ठेवला. शब्द दिला तो असा.

दोघं म्हणजे अकरा वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा लिंबू. जन्मला तेव्हा पिवळा आणि वाटोळा होता म्हणून त्याला लिंबू म्हणत. आता नाव तेवढं राहिलं होतं. आई गेल्यापासून पोरानं अन्नाला तोंड लावणं सोडलं. पावाचा तुकडा हातात दिला तर धरून बसायचा, आणि संध्याकाळी तोच तुकडा त्याच्या खिशात सापडायचा. दुधाची साय काढून दिली, अंडं उकडून दिलं, गोड लापशी केली. ओठ मिटले की मिटले.

मामा भेटायला आला तो लिंबूकडे बघून हबकलाच.

"फासळ्या मोजता येतायत पोराच्या," तो म्हणाला. "शेतातली कामं आटपली की मी त्याला घेऊन जातो. तिकडं डॉक्टर जवळ आहे, आमच्या दोन पोरांत रमेल."

"आणि थोरली?" आत्यानं विचारलं.

"दोघांना कुठं ठेवू? आमच्या घरात मांजराला शेपूट पसरायला जागा नाही. शिवाय ती तुमच्या हाताशी येतेच की."

आत्यानं भावाकडं पाहिलं. तो उंबऱ्याशी बसून काडीनं बुटांचा चिखल काढत होता. "जेवला तर राहील. नाही जेवला तर काय करायचं, तूच सांग," एवढं बोलून तो पुन्हा चिखलाकडं वळला.

लिंबूला जेवताना गोष्ट लागते, हे आत्याला ठाऊक होतं. घरात गोष्टीचं पुस्तक एकच, नावाड्याचं. नावाड्याच्या होडीची घंटा नदीत पडते आणि तो ती शोधायला निघतो. पुस्तकाला कव्हर नव्हतं. पानांवर दुधाचे डाग, कांद्याचा वास, एका कोपऱ्याला तर चक्क अंड्याचा बलक वाळलेला. वहिनी स्वयंपाक करता करताच वाचायची. पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवायचं, एक डोळा ओळीवर, दुसरा पातेल्यावर. आत्याला ही पद्धत बघवत नसे. शिवणकाम करणारी बाई, कापडाला हात लावायच्या आधी हात धुणारी. तिनं आपली शिस्त लावली. आधी स्वयंपाक उरकायचा, ओटा पुसायचा, हात कोरडे करायचे, लिंबूपुढं ताटली ठेवायची आणि मग खुर्चीवर ताठ बसून वाचायचं. वाचायचीही झकास. अडखळणं नाही, शब्द गाळणं नाही.

"नावाडी होडीत बसला आणि त्यानं वल्हं उचललं. नदी काळी होती आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता."

"चूक," लिंबू म्हणाला.

"काय चुकलं रे?"

"सगळं." आणि तो भिंतीकडं तोंड करून बसला.

रोज हेच. आत्या पानं उलटून बघायची, मधलं एखादं पान फाटलंय का म्हणून शिवण तपासायची. शेवटी तिनं थोरलीला विचारलं. थोरली पूर्वी अशी बडबडी की तिचे बाबा तिला रेडिओ म्हणायचे. आता रेडिओ बंद पडला होता.

"पुस्तकात आहे तेच वाचलंस तू," ती म्हणाली आणि कांदा चिरायला लागली. मान वर केली नाही. कांदा मात्र तिला पूर्वी कधी एवढा झोंबला नव्हता.

एका सकाळी दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यानं कॅन उचलता उचलता हसून विचारलं, "बाई, तुमच्या गोष्टीतला नावाडी नदीत मीठ टाकतो म्हणे?"

"मीठ? कोण म्हणालं?"

"हा काय, तुमचा लिंबू. नावाडी होडीत बसतो, मीठ टाकतो आणि मग नदी ढवळतो. मी म्हटलं, नावाडी आहे का आचारी? तर चिडला माझ्यावर. म्हणतो, आई म्हणायची तसं."

आत्या रिकामा कॅन हातात धरून अंगणात उभी राहिली. गाडी फाटकाबाहेर गेली तरी उभीच होती.

त्या दिवशी तिनं ओटा पुसला नाही. रस्सा चुलीवर असतानाच पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवलं, एका हातात डाव घेतला आणि वाचायला लागली. थोरली शेजारी मिठाचा डबा घेऊन उभी होती. लिंबू टेबलाखाली बसला होता, हल्ली तो तिथंच बसे.

"नावाडी होडीत बसला," आत्यानं वाचलं आणि थांबली.

थोरलीचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण हलले.

"मीठ टाक गं," आत्या हळूच म्हणाली.

टेबलाखालून लिंबू ओरडला, "तसं नाही! आईसारखं नाही!"

आत्यानं डाव खाली ठेवला. "थोरले, तुला येतं ते सगळं. मग इतके दिवस बोलली का नाहीस? पोर उपाशी मरतंय."

"ते पुस्तकातलं नाही," थोरली म्हणाली. डबा तिनं छातीशी धरला होता. "ते आई मला म्हणायची. त्याला वाटतं गोष्ट आहे. गोष्ट नाही ती. माझं आहे ते."

रस्सा खदखदत होता. टेबलाखाली लिंबू खिशातला वाळका पाव कुरतडत नव्हता, नुसता चुरगाळत होता, त्याचा चुरा फरशीवर पडत होता. थोरली त्या चुऱ्याकडं बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले आणि बोलायला लागली. आवाज तिचा नव्हता. ती घाई, तो किंचित वैताग, वाक्याच्या शेवटी वर जाणारा सूर, सगळं वहिनीचं होतं.

"नावाडी होडीत बसला, मीठ टाक गं, आणि त्यानं वल्हं उचललं. नदी काळी होती, ढवळ, ढवळ, खाली लागेल, आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. वर चंद्र आला, झाकण ठेव, अर्धंच ठेव..."

सांगणारीही तीच आणि मीठ टाकणारीही तीच. आत्या मीठ टाकायला पुढं झाली तर थोरलीनं डबा दिला नाही. लिंबू टेबलाखालून बाहेर आला, बहिणीचा फ्रॉक धरून उभा राहिला, आणि गोष्ट संपेपर्यंत त्यानं वाटीभर रस्सा खाल्ला. दारात त्याचे बाबा आले होते. ते आवाज ऐकून तसेच मागं फिरले आणि अंधार पडेपर्यंत गोठ्यात बसून राहिले.

मामा आला तेव्हा लिंबूच्या गालांवर मांस चढलं होतं. "मग आता काय, राहू दे," म्हणत तो चहा पिऊन परत गेला. आत्याला वाटलं, शब्द राखला.

राखला कसा, ते पुढच्या वर्षी कळलं. शहरातल्या मोठ्या शाळेत थोरलीचं नाव लागलं होतं. वसतिगृहही मिळत होतं. आत्यानं तिच्यासाठी दोन फ्रॉक शिवले. पण थोरली एक दिवस मामाकडं राहिली तरी लिंबू उपाशी झोपायचा. फ्रॉक ट्रंकेत घडी करून ठेवले. "त्याला थोडं मोठं होऊ दे, मग जाईन," थोरली म्हणाली. तो मोठा होईतो तिला ते फ्रॉक आखूड झाले, आणि पुन्हा कुणी शाळेचं नाव काढलं नाही. आत्यानंही नाही.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. बटाटा त्यांनी पुन्हा कधी लावला नाही. मामाची मुलं नोकरीला लागून पांगली आणि त्याच्या घरात जागाच जागा झाली. दूधगाडीवाल्यानं गाडी विकून फाटकाजवळ दुकान काढलं. लिंबूला तो मरेपर्यंत आचारी म्हणत होता. लिंबू शिकला, परदेशात गेला, तिथंच त्यानं घर केलं. नातीला वाचून दाखवायला त्यानं नावाड्याचं पुस्तक मुद्दाम शोधून मागवलं. वाचून झाल्यावर बहिणीला फोन केला, "ताई, नवीन आवृत्तीत बऱ्याच ओळी गाळल्यात गं." थोरली म्हणाली, "गाळल्या असतील."

आत्यानं शहरातलं दुकान उघडलंच नाही. मशीन शेतावर आणून खिडकीत ठेवलं. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं, तेव्हा थोरलीच तिला भरवायची. एकदा आत्या म्हणाली, "वाच ना गं काहीतरी."

"आता कशाला," थोरली म्हणाली आणि रस्सा ढवळत राहिली.

आत्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. डाव फिरत होता. मग मिठाच्या डब्याचं झाकण उघडलं, थोडा वेळ तसंच उघडं राहिलं, आणि बंद झालं.