तोइवोच्या हाताचे माप

मी एक जुने कंपाऊंड धनुष्य आहे, मित्रांनो. चित्रातल्या धनुष्यांचा डौल माझ्यात शोधू नका. माझ्या दोन्ही टोकांना वाकडी चाके आहेत, त्यांवरून दोऱ्या फिरतात, आणि मधल्या दोरीत एक इवलीशी चकती विणली आहे. तिच्या भोकातून नेम पाहायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी मोडकी सायकल वाटते.

कारखान्यातून आले ते नुसते सामान होते. धनुष्य झाले ते सुपीरियर सरोवराच्या काठी, धनुष्ये जुळवून देणाऱ्या ओर्विलच्या पडवीत, माझ्या धन्याचे, तोइवोचे हात मोजल्यावर. तोइवो उंच, हात लांब. ओर्विलने माझी खेच, म्हणजे दोरी किती मागे यायची ते माप, त्याच्या हाताला बसवली, चकती त्याच्या डोळ्यासमोर आणली, आणि मग चौकटीवर कागद ताणून म्हणाला, "मार."

बाण सरळ गेला तर कागदाला स्वच्छ भोक पडते. शेपटी कलली तर कागद त्या बाजूला फाटतो. तोइवोचा कागद डावीकडे नखाएवढा फाटला. ओंडक्याखाली चेंगरून त्याचा अंगठा वाकडा झाला होता, त्याने मूठ पिळली जाई.

"काढू का ही फाट?" ओर्विलने विचारले.

"राहू दे रे. माणसाची काही सही नको?"

नेमाची खूण ओर्विलने तेवढी सरकवून दिली आणि तो कागद भिंतीवर टाचला. गावातल्या प्रत्येक शिकाऱ्याचा कागद त्या भिंतीवर आहे, गेलेल्यांचासुद्धा.

किती शरद ऋतू आम्ही सीडरच्या झाडांच्या दलदलीत काढले! तो मला मेण लावी, सावलीत ठेवी, बाणाशिवाय दोरी कधी सोडत नसे. एका हिवाळ्यात बर्फ उपसता उपसता तो खाली बसला, तो उठलाच नाही.

हेल्मीने, त्याच्या बायकोने, मला सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत खुंटीवर अडकवले, त्याच्या टॉवेलशेजारी. माया होती ती. पण ऊब म्हणजे आमचा नाश, हे तिला कुठले ठाऊक? आमच्याकडच्या फिनिश घरांत शनिवारी सगळ्यांची अंघोळ झाली की शेवटचे पाणी तापल्या दगडांवर ओतून दार लोटून घेतात. ती वाफ गेलेल्यांची. हेल्मी पाणी ओताना गुणगुणे,

दगड तापले, वाफ उठली,
आला असशील तर टेक जरा,
वाट गारठ्याची होती.

दार लागे. आत कोणी नसे. मग बाकडे करकरे, आणि माझी दोरी हळूच ताणली जाई. उष्णतेनेच, मित्रांनो. मी स्वतःला तसेच सांगत असे.

पाने लाल झाली तेव्हा इर्याने, तोइवोच्या लेकीने, मला खाली काढले. तिला यंदा पहिली शिकार करायची होती, तीही बापाच्याच धनुष्याने. ओर्विलने मला पाहताच कपाळावर हात मारला.

"धनुष्य आणलंस की उकडलेली भाजी? दोरी केवढी लांबलीय! हे तुझ्या बापालाही मोठं पडलं असतं. आणि तुझे हात बघ, खारीचे."

"खारीचे तर खारीचे. फक्त मेण लाव. माझ्या पा-नं, बापानं, बसवलंय तसंच राहू दे."

"पोरी, हा काय बापाचा कोट आहे, बाह्या दुमडून घालायला?"

"ओर्विल, आधी कागद लाव."

तिने बाण मारला. कागद डावीकडे फाटला. ओर्विलने भिंतीवरचा तोइवोचा कागद काढला, दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. फाट एकच दिसत होती.

"अंगठा दाखव."

इर्याचा अंगठा सरळ होता.

"लांब दोरीनं होतं असं," ओर्विल म्हणाला. मग स्टुलावर बसत पुटपुटला, "कधीकधी."

इर्याचे डोळे चमकले. "बघ, पा आहे अजून यात!"

"असेल. पण हरणाला त्याचं काय? बाण पोटात बसला तर ते दलदलीत तडफडत पडेल. तोइवोला चाललं असतं?"

ती मला घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना आम्ही झाडावरच्या मचाणावर होतो. खाली धुके. एक नर हरीण आले आणि कुशी देऊन उभे राहिले. इर्याने मला ओढले. चकती तिच्या डोळ्याच्या फार मागे; मान उलटी ताणावी लागली. मुठीवर तिचा हात होता, घामेजलेला.

त्यावर दुसरा हात आला. मोठा, गार, अंगठ्याशी वाकडा. बर्चच्या ओल्या पानांचा वास आला, सौनात येतो तसा. मूठ हळूहळू पिळू लागली. नेमाची खूण छातीवरून सरकत पोटावर गेली.

"पा," इर्या कुजबुजली, "डावीकडे जातंय."

हात सुटेना.

"पा, त्याला लागेल. नुसतंच लागेल. तूच म्हणायचास ना, खात्री नसेल तर सोडायचा नाही?"

ताणलेले कंपाऊंड धनुष्य बाण न सोडता उतरवणे सोपे नाही, खांद्याला हिसका बसतो. त्या दिवशी मी पिसासारखे उतरले. कोणी उतरवले, मला आजही सांगता येत नाही. हरणाने मान वर केली. ते इर्याकडे पाहत नव्हते. तिच्या किंचित डावीकडे पाहत होते.

ती तशीच पडवीत गेली. "ओर्विल, माझे हात मोज."

त्याने मला दोरीचा ताण उतरवणाऱ्या दाबाच्या चौकटीत घातले. माझी वरची-खालची लवचीक पाती वाकली, दोरी सैल पडली, आणि कोणीतरी खोल श्वास सोडावा तसा आवाज झाला. ओर्विलने टोपी काढली. मग कामाला लागला. नवी दोरी, चाकांवर आखूड खेचेचे तुकडे, चकती तिच्या डोळ्यासमोर. इर्याने बाण मारला. कागदाला स्वच्छ भोक.

"हे माझं?"

"तुझंच गं. सही करायची राहिली बघ," ओर्विल हसला आणि तिचा कागद बापाच्या शेजारी टाचला. इर्या हसता हसता रडली. त्या मोसमात तिने एकच बाण सोडला. हरीण लांब गेले नाही.

जुनी दोरी हेल्मीने मागून घेतली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना उन्हात, उबेत टाकू नका. बाणाशिवाय दोरी सोडू नका. आणि आपल्या माणसाचे धनुष्य हाती आले तर ते आपल्या हाताला बसवून घ्या. त्याचे माप जपायचे असेल तर वेगळे जपा.

आता मी घरातल्या थंड खोलीत असते. जुनी दोरी सौनाच्या खुंटीवर एका टोकाने लोंबते. दुसरे टोक मोकळे आहे. शनिवारी शेवटचे पाणी ओतून हेल्मी दार लोटते, बाकडे करकरते, आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून मला ऐकू येते: गुणगुणणारी दोरी. मोकळी दोरी गुणगुणत नाही, मित्रांनो. तिला कोणीतरी ओढून धरावे लागते.