दोन्ही औषधं माझ्याच गादीखाली

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाळणा आहे. महाडकडच्या नाते गावाजवळच्या वाडीत येसूबाईंच्या घरी राहतो. हल्ली माझ्यात कांदे ठेवतात, पण त्याचं रडगाणं गात बसत नाही. कांद्यांनाही कुणीतरी सांभाळायला हवंच.

मला पोलादपूरकडच्या गोमाजी सुताराने घडवलं. स्वभावाने कुरकुऱ्या, पण हात असा की माझी कडी कधी कुरकुरली नाही. येसूबाईंची मुलं माझ्यात झोपली, मग नातू झोपला. वाडीत बारसं असलं की मलाच मागून नेत. नवा पाळणा करण्याची कुणाची ऐपत नव्हती म्हणा, पण मी आपला तो मान समजायचो. एरवी माझा मुक्काम माळ्यावर, बियाण्याच्या कणगीशेजारी.

१९८४ साली येसूबाईंची सून ललिता खोकू लागली. मुंबईला भावाकडे, चंदूकडे गेली तेव्हा क्षय निघाला. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं की औषध चुकवायचं नाही आणि छाती बरी होईपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत, बाळंतपण झेपणार नाही. ललिताने दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. छातीच्या लाल कॅप्सूल चंदू मुंबईहून धाडायचा. पाळणा लांबवायच्या गोळ्या ती सासूच्या नकळत उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडून घ्यायची. दोन्ही माझ्या गादीखाली ठेवायची, कारण माळ्यावर चढतंय कोण?

त्या गोळ्यांचा मला खरं तर राग यायला हवा होता, माझ्याच पोटावर पाय देणारी ती वस्तू. पण पोरीचा खोकला मी वरून ऐकत होतो. राग आला नाही.

गोळ्या देताना नर्सबाईंनी ओटीवर बसून विचारलं होतं, "दुसरं काही औषध चालू आहे का?"

"नाय," ललिता म्हणाली. नणंदेच्या लग्नाची बोलणी चालली होती. घरात क्षय आहे हे फुटलं तर सोयरीक मोडेल, म्हणून येसूबाईंनी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं.

पुढे पाळी नसतानाही ललिताच्या अंगावरून जाऊ लागलं. गोळ्या उष्ण पडल्या असं समजून ती ताक पीत राहिली आणि कुणाला बोलली नाही.

मग शेजारच्या गीताबाईंना नात झाली. त्या मला मागायला आल्या. बाळाला बघून परतणाऱ्या नर्सबाईही सोबत होत्या. येसूबाईंनी मला खाली उतरवून गादी झटकली, तशा कॅप्सूल आणि गोळ्यांची पट्टी जमिनीवर पडली.

"ही कोणाची औषधं गो?" गीताबाईंनी विचारलं.

"माझी," येसूबाई ठसक्यात म्हणाल्या. "अंग दुखतं माझं."

नर्सबाईंनी पट्टी उचलली. "येसूबाई, ह्या पाळणा लांबवायच्या गोळ्या आहेत. साठीला तुम्हाला कशाला लागतात?"

गीताबाईंनी तोंडाला पदर लावला. तेव्हा ललिता चुलीपासून उठली.

"दोन्ही माझी हायत. ती क्षयाची, आणि ही गोळ्यांची पट्टी पण माझीच."

गीताबाईंचं हसू तिथेच विरलं. ललिताने अंगावरून जाण्याचंही सांगून टाकलं. नर्सबाई काळजीत पडल्या. "मला नक्की ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "उद्या महाडला डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. तोवर कॅप्सूल मात्र थांबवू नकोस." ह्या गडबडीत गीताबाई मला न्यायचंच विसरल्या.

दुसऱ्या दिवशी ललिता महाडहून परतली आणि सासूजवळ बसून डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगू लागली. तपासलं, दिवस नव्हते. पण ते नशीबच म्हणायचं. क्षयाची ती लाल कॅप्सूल पाळणा लांबवायच्या गोळीचा असर शरीरातून लवकर उतरवते, त्यामुळे गोळी रोज घेतली तरी भरवसा नाही. मधेच अंगावरून जाणं ही त्याचीच खूण होती. तापाच्या, डोकेदुखीच्या साध्या गोळीने असं होत नाही, फिटच्या काही गोळ्यांनी होतं. डॉक्टरीणबाईंनी क्षयाचं औषध पुरं करायला सांगितलं आणि गोळ्यांऐवजी तांबी बसवून दिली.

"आत्या, आता सगळीकडं बोभाटा होणार. सोयरीक मोडंल," ललिता म्हणाली.

"मोडू दे. सोयरीक दुसरी बघू. तुझ्यासारखी सून दुसरी कुठनं आणू?" येसूबाई म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. मलाही भरून आलं.

मला न्यायला आलेल्या गीताबाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांनी आत येऊन दार लोटलं.

"येसू, माझ्या सुनेला फिट येतात गो. तिच्या माहेरच्यांनी लपवलं, मग मी लपवलं. रोज गोळी खाते ती. पुढं तिला पण ह्याच गोळ्या द्यायचं नर्सबाईंनी ठरवलंय. दुसरं औषध नाय, असंच सांगितलंय आम्ही."

त्या दिवशी बारसं उशिरा झालं. आधी गीताबाई, येसूबाई आणि ललिता तिघी मिळून नर्सबाईंना खरं सांगायला उपकेंद्रात गेल्या.

मित्रांनो, दुसरं काय औषध चालू आहे, असं कुणी नर्स-डॉक्टर विचारतील, तेव्हा लाज घरी ठेवा आणि सगळं सांगा. त्यांनी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगा. येसूबाईंच्या घरात मी त्यानंतर रिकामाच राहिलो, आणि ललिता खडखडीत बरी झाली.