नाकाचा भरवसा

नगरपालिकेने बागेत बिअर विकायला काढली आणि आर्लनच्या घरातली शांतता गेली.

आता नगरपालिकेला तरी किती शिव्या घालणार? बागेतला पोहण्याचा तलाव गळत होता, कर वाढवायची कुणाची छाती नव्हती, आणि विस्कॉन्सिनमध्ये चांगल्या कामासाठी पैसा उभा करायचा म्हणजे बिअर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठराव आला, टाळ्या पडल्या. बिअरच्या नळावर उभं कोण राहणार, हे मात्र सभेत कुणी विचारलं नाही. राहणार बागेचेच कामगार, आणखी कोण? गवत कापणारे, झाडं छाटणारे, सगळे पाळीपाळीने. त्यात आर्लनही आला.

आर्लनने दारू सोडून दीड वर्ष होत आलं होतं. बेव, त्याची बायको, त्याच्या पिण्याला कंटाळून बहिणीकडे निघून गेली होती. परत आली तेव्हा तिने शपथा मागितल्या नाहीत, शपथा तिने पोतंभर ऐकल्या होत्या. ती म्हणाली, "मी रोज वास घेणार. आला तर निघाले." तेव्हापासून संध्याकाळी तो दारात उभा राहायचा, ती त्याच्या गळ्याशी नाक न्यायची आणि म्हणायची, "ये." गवत, घाम, पेट्रोल. एवढाच वास. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं. दिवसभर मन इकडेतिकडे धावलं की तो त्या नाकाची आठवण काढायचा आणि गप गवत कापायचा.

नळावरच्या पहिल्याच दिवशी फेस उसळून त्याचा सदरा भिजला. लोकांच्या रांगा, हसणं-खिदळणं. वर चेष्टा होतीच. "एवढा वेळ नळाशी उभा आणि कोरडा? आजारीबिजारी आहेस की काय?" आर्लन दात काढून हसला. मनात म्हणाला, मरा.

दारात बेवने वास घेतला आणि ती मागे सरली.

"थेंब घेतला नाही, बेव. अंगावर उडतं ते."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. मासे गार होतायत."

मासे त्याने एकट्यानेच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्याने डोकं लढवलं. कामगारांच्या खोलीत अंघोळ केली, तिथल्या साबणाने खसखसून अंग घासलं, धुतलेला सदरा चढवला आणि ऐटीत घरी आला. बेवने वास घेतला. तिचे डोळेच भरले.

"पुदिना," ती म्हणाली.

"अगं, साबण आहे तो."

"तेव्हा गोळ्या होत्या."

आर्लनने कपाळावर हात मारला. पूर्वी पिऊन आला की तो पुदिन्याच्या गोळ्या चघळत यायचा आणि सदराही बदलायचा. म्हणजे न पिता तो हुबेहूब पिणाऱ्यासारखा वागत होता. कसं पटवून द्यायचं माणसाने?

"नोकरीच सोडतो," तो ओरडला.

"सोड. आणि माझ्या खुब्याचं ऑपरेशन कोण करणार, तुझा बाप? विमा तुझ्या नोकरीवर आहे, आर्लन."

तेव्हा जे आजवर कामावर कुणाला कळू दिलं नव्हतं ते सांगणं आलं. बागेची साहेब होती कर्स्टन, त्याच्या मुलीच्या वयाची. तो तिच्यापुढे टोपी काढून उभा राहिला.

"कर्स्टन, मी दारुडा आहे. सोडलीय, पण आहे. मला गवतावर परत टाक."

कर्स्टनचा चेहराच पडला. पोरगी मनाने चांगली, म्हणून तर जास्त वैताग. "आर्लन, आधी नाही का सांगायचं? नळाला आता हातसुद्धा लावायचा नाही तुम्ही. पण माणसं कमी आहेत हो, आणि या नळापायी गवतही आता ठेकेदाराला दिलंय. तुम्ही मागे पेले धुवा."

पेले धुवायचे म्हणजे आधी प्रत्येकातली उरलेली बिअर बादलीत ओतायची. कोमट, फेस विरलेली. संध्याकाळपर्यंत ती कोपरापर्यंत अंगात मुरायची. एकदा पेला हातात घेऊन तो नको इतका वेळ थांबला. मग ओतला. पण थांबला होता, हे त्याचं त्याला कळलं.

त्या दिवशी तो अंघोळ न करताच घरी गेला. दारात उभा राहिला. बेव स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "हात धुऊन बस."

तो हललाच नाही. "वास?"

"नाही घेत आता. रोज तोच येतो. तू पी, नको पिऊ, माझ्या नाकाला काय कळणार?"

"म्हणजे विश्वास बसला?"

"नाही रे बाबा. थकले."

नळ सुरू झाल्यापासून हेच तर हवं होतं त्याला, त्या तपासणीतून सुटका. आता ती मिळाली होती. आणि उद्या त्याने एखादा पेला बादलीत ओतला नाही, तर जगात कुणाला पत्ता लागणार नव्हता.

तो तसाच स्वयंपाकघरात गेला, तिच्यापुढे वाकला आणि त्याने गळा पुढे केला.

"घे," तो म्हणाला. "कळत नाही तरी घे. रोज घे, बेव."