पंप बंद का होता?

ओरखेवी गावात पाहुण्याला आधी जेवू घालतात आणि मग तो कशाला आलाय ते विचारतात, हे खातुनाला कुणी सांगायला नको होतं. ती मूळची शेजारच्याच खोऱ्यातली. म्हणून तर तिनं वाझाभाऊला आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं, "आधी पंप, मग पंगत." वाझा पलीकडून म्हणाला, "तुझी इडापिडा मला लागो, खातुना!" म्हणजे आपलं ऐकलं, असा तिनं अर्थ काढला. तिथंच ती फसली.

पंप वाझाच्या पुतणीचा, दारेजानचा. गावाची अडचण जुनी होती. नदी दरीच्या तळाशी, आणि द्राक्षांचे मळे वर, डोंगराला पाडलेल्या पायऱ्यांवर. मधल्या काळात डिझेलचा पंप आला, पण त्याच्या खर्चानं आणि खोकण्यानं माणसं बेजार झाली आणि वरच्या निम्म्या पायऱ्या ओस पडल्या. दारेजान राजधानीतली, तिबिलिसीतली चांगली नोकरी सोडून परत आली ती डोक्यात हेच खूळ घेऊन. तिनं छोटा, सावकाश चालणारा पंप तयार केला. त्याला डिझेल नको, बॅटरी नको. ऊन असेतो तो पाणी वर ढकलणार, वरची टाकी दिवसभरात भरणार, आणि संध्याकाळी तेच पाणी पणजोबांनी बांधलेल्या दगडी पाटांतून पायरी पायरी करत खाली उतरणार.

अशा खुळ्यांना हात देणं हा खातुनाच्या संस्थेचा उद्योग. कुणी उन्हावर जर्दाळू वाळवतंय, कुणी शेणाच्या गॅसवर दूध तापवतंय, आणि खातुना त्यांच्यासाठी कुठं सुटे भाग शोध, कुठं वेल्डरच्या हातापाया पड, अशी धावत असायची. दारेजानचा पहिला पंप गाळानं बसला तेव्हा ती पोर नदीकाठी बसून रडली होती आणि खातुना शेजारी बसून मुकाट्यानं गाळ उपसत होती. आज त्या सगळ्याचा निकाल होता. आणखी दहा गावांत पंप बसवायला आणि गावातच कारखाना काढायला पाठबळ मिळणार होतं, पण सगळ्या देशातून एकालाच. निवड करणारी मार्गिट आज येऊन पाहणार होती.

मार्गिट एस्टोनियाची. उंच, पांढऱ्या केसांची आणि बोलण्यात कमालीची कंजूष. अख्ख्या प्रवासात तिनं एकच प्रश्न विचारला, "पंप बनवणारी गावात नसते तेव्हा तो कोण चालवतं?"

"गाव चालवतं," खातुना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

हे तिला खोटंच बोलल्यासारखं वाटलं. पंपाच्या दांड्यावर दारेजानशिवाय दुसऱ्या कुणाचा हात तिनं कधी पाहिला नव्हता. आणि मार्गिट का विचारते आहे तेही तिला माहीत होतं. गेल्या वर्षी मार्गिटनं निवडलेल्या एका गावातला मुलगा कामासाठी पोलंडला गेला आणि त्याच्या पंपावर आता कोंबड्या बसतात.

ओरखेवीचे लोक पाणी घ्यायचे, नाही असं नाही. पाळीपाळीनं पाटाला तोंड पाडायचे. पण यंत्राचं नाव काढलं की लांब. त्यात सगळ्यांत पुढे वाझाच्या शेजारची लमारा. गावाच्या बैठकीत ती खातुनाच्या तोंडावर म्हणाली होती, "माझा नवराही ऊन चढल्याशिवाय उठत नसे. त्याच्यावर मी कधी विसंबले नाही, ह्या यंत्रावर विसंबू? पाणी दारावरून जातंय म्हणून घेते. बाकी तुमच्या खेळण्याशी माझा संबंध नाही."

तर गाडी वाझाच्या अंगणात शिरली आणि खातुनाला अक्रोडाखाली मांडलेलं टेबल दिसलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोऱ्या दोऱ्यांचं चीज, वाळवलेलं मांस, गरम भाकऱ्या, तुळशीसारख्या वासाचा पाला, आणि वाइनच्या सुरया. टेबलाच्या टोकाला स्वतः वाझा, धुतलेला पांढरा सदरा घालून, हातात भरलेला पेला.

"वाझाभाऊ, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतंच ना! पंप कुठं पळून जातोय का? बाई एवढ्या लांबून आल्या, आणि तू त्यांना उपाशीपोटी दरी उतरायला लावतेस? लोक काय म्हणतील मला?"

खातुनानं मार्गिटसाठी खुर्ची ओढली. 'लोक काय म्हणतील'पुढे तिच्या आईचंही कधी काही चाललं नव्हतं.

पहिला पेला देवाच्या नावानं झाला, दुसरा शांततेच्या. वाझा नुसता पेला उचलत नसे. तो आधी बोले, आणि बोलू लागला की त्याच्या शब्दांना सुरकुती नसे. पाहुणीच्या नावानं तो एवढं बोलला की मार्गिटला सोडून बाकी सगळ्यांचे डोळे भरून आले. मार्गिटसाठी रशियनमध्ये भाषांतर करता करता खातुनाचा घसा सुकला. तिनं वर पाहिलं. ऊन माथ्यावरून कलायला लागलं होतं. ह्या दरीत पश्चिमेचा कडा असा उभा आहे की सूर्य दुपार सरताच त्याच्यामागे जातो, आणि तो गेला की पंपही बसतो.

"वाझाभाऊ," ती हळूच म्हणाली, "जरा उन्हात फिरून येऊ या का सगळे?"

"आत्ता?" वाझा पेला घेऊन उभा राहिलेला. टेबलावरचे सगळेच उभे राहिलेले. "आत्ता, गेलेल्या माणसांच्या नावानं पेला उचललाय मी. आईबापांना सांगू का, थांबा जरा, खातुनाला फिरायला जायचंय?"

खातुनाही मुकाट्यानं उभी राहिली. तिलाही आईबाप होतेच.

गेलेल्यांनंतर लेकरं आली, लेकरांनंतर द्राक्षवेल. दारेजान भाकऱ्या आणायच्या निमित्तानं खातुनाच्या मागे येऊन वाकली.  "मावशी, एक सांगायचं राहिलं. मी सकाळी टाकी रिकामी केली."

"काय केलीस?"

"तळ दिसेपर्यंत. म्हटलं, त्यांच्या डोळ्यांदेखत भरू दे. आणि दांडाही खाली ओढून ठेवलाय. म्हटलं, त्यांच्याच हातानं वर करायला लावू."

"म्हणजे सकाळपासून पंप बंद, आणि टाकी कोरडी?"

दारेजाननं मान हलवली.

"मग जा ना, धावत जाऊन चालू कर!"

"माझ्याच नावानं पेला येतोय आता. काका मघाशीच म्हणाले, हलू नकोस."

आणि खरंच, वाझानं पुतणीच्या नावानं पेला उचलला. ही पोर परत आली तेव्हा लोक हसले, तो म्हणाला, मीही हसलो. मग एक दिवस वरच्या पायरीवर, जिथं माझ्या बापानं शेवटची वेल लावली होती, तिथं मी पाणी चालताना पाहिलं. पुढे त्याला बोलवेना. तो मोठ्या बाहीनं डोळे पुसत राहिला. खातुनाला त्याचा राग यायला हवा होता, आणि येत नव्हता. हा माणूस पुतणीवरच्या मायेपोटीच तिचं वाटोळं करत होता, आता त्याला काय म्हणायचं?

कड्याची सावली आधी नदीवर आली, मग मळ्यांवर, मग टेबलावर. अंगणात गारवा उतरला.

मार्गिटनं घड्याळाकडे पाहिलं, रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाली, "आता पंप बघू या."

 आता बंद पंप आणि कोरडी टाकी दाखवायची. दोन वर्षांची धावपळ एका जेवणात बुडाली. ती उठली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात अंगणाचं फाटक धाडकन उघडलं.

लमारा. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं, डोक्याचा रुमाल सुटलेला. तिनं ना पाहुणीकडे पाहिलं ना वाझाकडे.

"ए दारेजान! इथं बसून पेले रिचवतेस? पंप बंद का होता?"

तिनं खांद्यावरचं फावडं उतरवून जमिनीवर आपटलं.

"आज माझ्या घेवड्याची पाळी. दुपारी टाकीत डोकावले तर तळाला बेडूक बसलाय! खाली जाऊन बघते तर दांडा खाली. भर उन्हात! एवढं सोन्यासारखं ऊन वाया घालवायला लाज नाही वाटत? मी केला चालू. तरी अर्धीच भरली टाकी. आता अर्ध्या टाकीत घेवडा भिजवू की टोमॅटो, सांग तूच!"

"लमारामावशी," दारेजान कशीबशी म्हणाली, "तुम्हाला पंप चालू करता येतो?"

"न यायला काय झालं? तू दर मंगळवारी शहरात जातेस, तेव्हा कोण चालू करतं? तुझा काका? त्याला पेला सोडून काही उचलता येतं का? चाळणीत पाला अडकतो तो मी काढते. मी नसले की पलीकडच्या नोदारची बायको काढते. आणि पुन्हा टाकी रिकामी करायची असेल तर आधी विचारत जा. तुझ्या एकटीची आहे होय ती?"

मार्गिट खातुनाच्या दंडाला धरून विचारत होती, "काय म्हणते ती? काय म्हणते?"

खातुनानं एकेक शब्द सांगितला. बेडूकसुद्धा वगळला नाही. 'तुझ्या एकटीची आहे होय' हे तर तिनं दोनदा सांगितलं.

मार्गिट लमाराकडे वळली. मग दिवसभर ज्याला जेमतेम ओठ लावले होते तो पेला तिनं उचलला आणि उभी राहिली. वाझानं लगेच टेबलावर थाप मारून सगळ्यांना गप्प केलं. गप्पच होते सगळे.

"मी खूप गावं पाहिली," मार्गिट म्हणाली. "सगळीकडे मला पंपाचं कौतुक ऐकवतात. पंप बंद दिसला म्हणून भांडायला आलेलं माणूस मी आज पहिल्यांदा पाहिलं. ह्या बाईंच्या नावानं." आणि तिनं पेला तळापर्यंत रिकामा केला. मग दारेजानकडे वळून म्हणाली, "दहा गावांची यादी तयार ठेव. प्रत्येक गावात मला अशी एक बाई लागेल."

दारेजाननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वाझा ओरडला, "गाऊ या रे!" खातुना मटकन खुर्चीत बसली. सकाळपासून तिनं घासही खाल्ला नव्हता. तिनं समोरची भाकरी उचलली आणि हसत, रडत, अधाशासारखी खाऊ लागली.

लमाराला भाषांतर सांगितलं तेव्हा ती थोडी लाजली, पण थोडीच. "ते राहू द्या. पाट फुटायच्या आत मला जायला हवं. ह्या पाहुण्यांना पाणी बघायचंय ना? मग चला म्हणावं."

आणि सावली पडलेल्या मळ्यात सगळी पंगत तिच्यामागे चढली. वरच्या पायरीवर दगडी पाटातून पाणी येत होतं, बारीक पण न थांबता. लमारानं मार्गिटच्या हातात फावडं दिलं. मार्गिटनं चांगले बूट काढून बाजूला ठेवले आणि मातीत फावडं घातलं.

"अगं बाई, तिकडून नाही, इकडून! टोमॅटो वाहून जातील माझे," लमारा तिच्यावर खेकसली, आणि ह्या वेळी भाषांतराची गरज पडली नाही.