दरीपलीकडचा मुका माणूस

दुपारी सव्वाचारला दरीच्या पलीकडच्या काठावर एक माणूस येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हातांनी लोखंडी दोर हलवला. अलीकडून पाळणा गेला नाही.

पाळणा म्हणजे दोराला लटकवलेली पत्र्याची पेटी. राळ काढणारे तिच्यात बसून पलीकडच्या पाइनच्या रानात जातात आणि भरलेले डबे घेऊन परततात. पेटी ओढायचं चाक दादाच्या ताब्यात असतं. पलीकडून दोर हलला की दादा ओरडून विचारतो, "कोण?" आणि पलीकडच्याने उत्तर द्यायचं. बोलेल तो आपला, न बोलेल तो त्यांचा. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो कधी मोडल्याचंही कोणाला आठवत नाही.

'त्यांचा' म्हणजे रानातल्या माणसांचा. ती उघडी फिरतात, त्यांना भाषा नाही आणि एकट्यादुकट्याला ती ओढून नेतात, असं इथलं शेंबडं पोरही सांगेल.

दादाने पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. त्याने चाकाला कुलूप घातलं आणि तडक राळेच्या शेडमध्ये आला. शेडमध्ये त्याची धाकटी बहीण कढत राळ फडक्यातून गाळत होती. शेडमधले सगळे तिला वहिनी म्हणतात, कारण तिचा नवरा सगळ्यांचा दोस्त. त्याला म्हणतात रेडिओ. तो आदल्या दिवशी पलीकडे गेला होता. एखादी रात्र तिकडच्या खोपटात काढायची त्याची रीतच होती, त्यामुळे घोर लागावा असं अजून काही झालं नव्हतं.

"पाहिला मी," दादा म्हणाला. त्याने भिंतीला पाठ टेकली. "या डोळ्यांनी पाहिला."

हातातली कामं थांबली. डबे धुणारी म्हातारी म्हणाली, "वहिनी, तुमच्या रेडिओला नेलं वाटतं त्यांनी. उद्या आणून सोडतील बघा. म्हणतील, घ्या बाई तुमचा, आमचे कान किटले."

बायका हसल्या. वहिनीही हसली.

"कसा होता रे?" तिने विचारलं.

"कसा म्हणजे? उघडा. डोक्यापासून कमरेपर्यंत चिखल. आणि तोंड नव्हतं गं त्याला."

"तोंड नव्हतं म्हणजे?"

"नाक नाही, डोळे नाहीत, नुसता गोळा. विचारलं की घशातून घरघर करायचा. आणि दोर हलवायचा, सारखा."

वहिनीने पळी खाली ठेवली. पलीकडच्या एका पोखरलेल्या झाडात गांधीलमाश्यांनी घर केलंय, असं नवरा परवाच सांगत होता. मागे एकच माशी चावली तर त्याचा डोळा दिवसभर उघडला नव्हता. तेव्हा अंगणातला चिखल तिनेच गालावर थापला होता. गांधीलमाशीवर राळवाल्यांचा तोच पहिला उपाय. अंगभर चावल्या तर माणूस सदरा काढून फेकणार, चिखलात लोळणार. जीभ सुजली तर बोलणार कसा?

"दादा, कुलूप काढ."

"काय?"

"ते हे होते. माशा चावल्यात त्यांना. चल."

एव्हाना मुकादम आला होता, त्याच्यामागे चार-पाच राळवाले. वहिनीचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं, पण दाराकडे कोणी वळलं नाही. "सकाळी जाऊ," मुकादम म्हणाला, "जमून जाऊ. रानातल्या माणसांचा काय भरवसा?"

मग तिने ते सांगितलं. लग्न झाल्यापासून ती या गोष्टीवर तोंडाला कुलूप लावून बसली होती.

"रानात माणसं नाहीत. ती यांनी उभी केली. ओढ्याकडची झाडं सगळ्यात जास्त राळ देतात. तिकडे दुसऱ्या कोणी फिरकू नये म्हणून यांनी पहिली गोष्ट रचली. पुढच्या तुम्ही रचल्या."

मुकादम मान खाली घालून बुटांना चिकटलेली राळ बघत राहिला. दादाचा चेहरा मात्र राखेसारखा झाला.

"खोटं बोलतेस," तो म्हणाला.

"मी का खोटं बोलू?"

"मग मी कोणाला पलीकडे ठेवून आलो?"

ती दाराकडे वळली. "दाजींना मी ओळखलं नसतं का?" दादा म्हणाला. "त्यांची चाल ओळखली नसती? तो रानातलाच होता, बाळे. तू काहीही म्हण." असं म्हणत तो तिच्याआधी बाहेर पडला आणि चाकाकडे पळत सुटला.

उजेड असतानाच पाळण्याच्या फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत वहिनी आणि मुकादम गेले. काठावर कोणी नव्हतं, खोपटही रिकामं होतं. दोराला ओला चिखल लागला होता. पोखरलेल्या झाडाखाली सदरा सापडला. तिनेच शिवलेला, आत मेलेल्या माश्या. ओढ्याच्या काठी माणूस लोळल्याची खूण होती. तिथून अनवाणी पावलं दरीकडे आली होती, आणि दरीपासून परत रानात गेली होती.

रानाकडे परतलेल्या त्या वाटेवर, दगडी चढाच्या अलीकडे, त्या पावलांशेजारी दुसरी पावलं होती. अनवाणीच, पण लहान.

"घसरलाय तो," मुकादम म्हणाला. "एकाच पायाचे दोन ठसे उठलेत."

चाक एका राळवाल्याकडे सोपवून दुसऱ्या फेरीत दादा आला होता. तो गुडघ्यांवर बसला, बोटाने ठशाची कड चाचपत राहिला. "दोघं आहेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं आणि ते त्याला लपवता आलं नाही.

वहिनी ठशांकडे बघत होती. तासाभरापूर्वी रानात माणसं नाहीत असं ती बजावून सांगत होती. आता तिने मुकादमाला विचारलं, "आधार दिला असेल ना कोणी? धरून चालवलं असेल?"

"कोणी म्हणजे कोण, वहिनी?"

"कोणीही."

त्यानंतर तीन दिवस शोध चालू आहे. ठसे दगडी चढापर्यंत जातात. दगडावर पाऊल उमटत नाही. गावाकडून कुत्री आणायची ठरली आहेत, पण धुकं उतरल्यामुळे काल आणि आज कुत्र्यांची गाडी घाटाखालीच थांबली आहे. आज सकाळी राळवाल्यांना चढाच्या वरच्या अंगाला एक विझलेली चूल दिसली. राख कोमट होती. ती चूल आपली नाही, असं सगळ्यांनी सांगितलं.